‘आधी’ची कायम नोकरी

चेहऱ्याचं क्रीम विकायचं तर कंपनीला दोन चेहरे लागतात. एक ‘आधी’चा, एक ‘नंतर’चा. या कंपनीत ‘आधी’ हे मंजूर, कायमस्वरूपी पद होतं आणि ‘नंतर’ हे हंगामी. तारुण्य टिकत नाही, त्यामुळे त्याला कायम करणं नियमात बसत नव्हतं.

‘आधी’च्या पदावर जे गृहस्थ होते त्यांना सगळी कंपनी आधीकाका म्हणे. त्यापूर्वी त्यांची उमर डब्यांना झाकणं लावण्यात गेली होती, तीही रोजंदारीवर. उद्या कामावर घेतील की नाही, या एकाच प्रश्नावर त्यांनी कपाळाची अशी मशागत केली होती की एकदा फेरी मारताना साहेब जागीच थबकले.

“हा चेहरा इतके दिवस होता कुठे?”

“झाकणं लावत होता, साहेब,” मुकादम म्हणाला.

काका कायम झाले. ‘नंतर’ म्हणून त्यांच्याच धाकट्या भावाला घेतलं. नाक सारखं, हनुवटी सारखी, गाल मात्र कोरे करकरीत.

आणि इथेच घोळ झाला. कायम झालेले काका आयुष्यात पहिल्यांदा गाढ झोपले. दोन घास जास्त जेवू लागले. आंघोळीला गेले की आतून शीळ ऐकू येई. बायको म्हणाली, “अहो, लग्नातसुद्धा तुम्ही इतके बरे दिसत नव्हता.” काकांना ते कौतुक वाटलं. ती धोक्याची सूचना होती.

दर महिन्याला त्वचा निरीक्षक बाई येत. परीक्षा सोपी होती. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडायची. बाईंचा चष्मा पुसून होईपर्यंत ती तशीच उभी राहिली, तर माणूस ‘आधी’च्या पदास पात्र. काकांची कातडी बाईंनी चष्म्याला हात लावायच्या आत जागेवर जाऊन बसली.

“हे काय हो काका? ही परत गेली!”

“आपल्या घरीच गेली ना बाई? जाऊ दे की.”

“हसू नका. हसण्याच्या रेषा आपण धरत नाही, त्या समाधानी दिसतात. आपल्याला कपाळावरच्या आडव्या लागतात. खरं सांगा, चोरून क्रीम लावता?”

“आपलं क्रीम? छे हो! त्यात काय घालतात ते मी पाहिलंय.”

दुसऱ्या दिवशी नोटीस आली. ‘पदावर रुजू झाल्यापासून आपल्या त्वचेत विनापरवाना ताठपणा आढळला असून, आपणांस सेवेतून कमी का करू नये, याचा खुलासा त्वरित सादर करावा.’ काकांनी ती एकदा वाचली तेव्हा डोळ्यांखाली सावली आली. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा कपाळावर पूर्वीचे सगळे पाट वाहू लागले. बाईंनी पुन्हा चिमटा घेतला. चष्मा पुसून झाला, घरी फोन लावून झाला, तरी कातडी तंबूसारखी उभी!

“उत्तम सुधारणा,” बाईंनी शेरा मारला. नोटीस मागे घेतली गेली. काकांना झोप लागली. गाल वर आले. पुन्हा नोटीस. पुन्हा सुरकुत्या. पुन्हा अभय.

तारुण्याचं मूळ शोधण्यासाठी कंपनीने एक प्रयोगशाळा पोसली होती. तिथली विद्वान मंडळी खिडकीतून रोज काकांना म्हातारे आणि तरुण होताना पाहत, आणि मान वळवून पुन्हा भांड्यातलं काहीतरी ढवळू लागत.

एवढ्यात सरकारी फर्मान आलं. ग्राहकांची फसवणूक टाळण्यासाठी दोन्ही फोटो एकाच माणसाचे असले पाहिजेत. साहेबांचं तोंड उतरलं. बाई मात्र शांत होत्या.

“आपल्याकडे आहे की साहेब, असा माणूस.”

नोटीस दिल्यावर एक फोटो, मागे घेतल्यावर दुसरा. चेहरा तोच, कातडी तीच, फरक शंभर टक्के अस्सल. मध्ये क्रीमची डबी. ही डबी मध्ये काय करते, असं फर्मानात विचारलेलं नव्हतं. धाकट्या भावाला नारळ मिळाला. “दादा, तू माझं तारुण्यसुद्धा गिळलंस!” असं म्हणून तो काकांशी बोलायचा बंद झाला. काकांकडे दोन पदं आली, पगार मात्र एकच राहिला. चेहरा एकच होता ना!

खप असा वाढला की दर मोसमाला नवे फोटो हवेत असं ठरलं. पुन्हा नोटीस निघाली. काका ती घेऊन घरी आले, कपाळ आक्रसायला सुरुवात झालीच होती, तोच बायको म्हणाली,

“पुन्हा काढलं का? अहो, ते काढतात नि घेतात. आपण दाराची कडी काढतो, घालतो, तसं. त्यात काय जीव जाळायचा? हात धुवा, पान वाढलंय.”

काका जेवले आणि घोरले. सकाळी ‘आधी’च्या फोटोला उभे राहिले तर कपाळ धुतलेल्या फरशीसारखं.

“काका, जरा काळजी करा ना,” फोटोग्राफर काकुळतीला आला.

“करतोय की.”

“पोराबाळांचं काहीतरी आठवा.”

“आठवलं. मजेत आहेत.”

तातडीची बैठक बसली. नोटीस खोटी आहे हे कर्मचाऱ्याला कळतं, यात दोष कुणाचा? बराच खल झाल्यावर साहेबांनी निर्णय दिला. “दोष नोटिशीचा. तिच्यात प्रामाणिकपणा कमी पडतोय. जाहिरात खरी असावी असं सरकार म्हणतं, तर सुरुवात आपण नोटिशीपासून करू. ‘नंतर’चे फोटो मागचे आहेतच पडलेले.”

या खेपेची नोटीस हातात पडली तेव्हा काकांनी साहेबांना डोळा मारला. “समजलं साहेब. चार दिवसांनी येतो, तोंड पाडून.” साहेबांनी समोरची फाईल उघडली. काका शीळ घालत फाटकापाशी आले. पहारेकऱ्याने हात पुढे केला.

“काका, ओळखपत्र द्या.”

“अरे, मला ओळखत नाहीस का तू?”

“ओळखतो म्हणून तर मागायला जड जातंय. आता आत सोडायचं नाही, असा हुकूम आहे. जेवणाचा डबा तेवढा आतून आणून देतो.”

काका पहारेकऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू, वरून खाली, उतरत गेला. बाजूच्या मोटारीआड लपलेल्या फोटोग्राफरने हवं तेवढं टिपून घेतलं. पहिल्याच झटक्यात काम झालं.

तो फलक आता भर चौकात लागला आहे. तुम्ही पाहिलाय. “काय फरक पडलाय बघ!” असं म्हणून तुम्हीच स्कूटर दुकानाकडे वळवलीत. दुकानात तुमच्या शेजारी एक सुरकुतलेले गृहस्थ उभे होते, ‘इथे काही काम मिळेल का?’ असं दुकानदाराला विचारत. तुम्हाला त्यांची दया आली. तुम्ही आपली डबी त्यांच्यापुढे धरलीत आणि अगदी मनापासून म्हणालात, “काका, तुम्ही हे लावून बघा. फार उशीर झालेला नाही.”