कंपोनंट, कोएक्सियल आणि तांत्रिक समिती

ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात भांडार विभाग सांभाळणारा प्रवीण घरी कांदेसुद्धा तीन जणांचा अभिप्राय घेतल्याशिवाय आणत नसे. त्यामुळे जुन्या गाडीत स्पीकर बसवायचं ठरलं, तेव्हा त्याने आधी फाईल उघडली. विषय: कंपोनंट की कोएक्सियल.

निकड मात्र साधी होती. वडील रामाजी यांचा उजवा कान गेला होता आणि डाव्याचंही काही खरं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांच्या वारलेल्या बायकोने, कमलाबाईंनी, म्हटलेलं भीमगीत मोबाईलमध्ये होतं. ते एकदा गाडीत बसून मोठ्यानं ऐकायचं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा होती.

"दोन्हीतून गानंच वाजते ना बापा? कोनतेही लाव," रामाजी म्हणाले.

"असं नाई जमत, बाबा. कोएक्सियलमधी जाड अन् बारीक आवाज एकाच स्पीकरातून निंघते. कंपोनंटमधी दोन्ही अलग."

रामाजींचा अभिप्राय 'अतांत्रिक' असा शेरा मारून फायलीला लावण्यात आला.

घुग्घुसच्या दुकानदाराने कोएक्सियल सुचवले. ज्याअर्थी तो सुचवतो, त्याअर्थी त्याचा स्वार्थ असणार, म्हणून कॉलनीतल्या चौघांची तांत्रिक समिती नेमली गेली. समिती दर रविवारी बंद गाडीत बसून चहा घेई. कंपोनंटचा छोटा स्पीकर काचेजवळ बसवला तर कोळशाच्या धुळीचं काय, असा मुद्दा निघाला आणि धुळीसाठी उपसमिती झाली. तिने दोन महिने पाहणी करून धूळ असल्याचा अहवाल दिला. दिवाळीत निघालेला विषय होळी ओलांडून गेला.

"अवो, एखादा तरी लावा न," बायको नंदिनी वैतागली. "बाबा आता टीव्ही नुसताच पाहून राह्यले."

"घाईत चुकीचा घेतला तं जबाबदार कोन?" प्रवीणने विचारलं.

अखेर ठराव झाला: पुढे कंपोनंट, मागे कोएक्सियल. रामाजी इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या सीटवर बसले. कमलाबाईंचा आवाज गाडीभर घुमला. मागे बसलेल्या नंदिनीला रडू आवरेना.

प्रवीणने पेन्सिल सरसावली. "बाबा, बारीक आवाज काचेजवळून येऊन राह्यला का?"

रामाजींनी त्याच्या ओठांकडे निरखून पाहिलं.

"लाव न आता. मी केव्हाचा बसलो."

प्रवीणने पेन्सिल खाली ठेवली. समितीचं काम मात्र थांबत नाही. इथवर आलेल्या वाचकांनाही निकालच हवा असणार. 'अरे, आधी म्हाताऱ्याला ऐकव' असं त्यांच्यापैकी कुणी मध्येच ओरडल्याची फायलीत नोंद नाही. तरी माहितीस्तव सादर: कंपोनंटच बरे.