पोछायोग आणि कस्तुरीची खुर्ची

श्रमाला प्रतिष्ठा असते, याबद्दल सुशिक्षित समाजात दुमत नाही. ते श्रम कोणी करायचे, याबद्दल तर अजिबातच नाही.

विमा अधिकारी श्रीपादराव साताऱ्याहून बदली होऊन जयपूरला आले आणि खातीपुऱ्यातल्या एका सभ्य सोसायटीत राहू लागले. सव्वीस जानेवारीला गच्चीवर त्यांनी श्रमप्रतिष्ठेवर हिंदीत भाषण ठोकलं. टाळ्या चांगल्या पडल्या. (खुर्च्या मांडणारा सोडून सगळे बसून ऐकत होते.) पुढे त्यांची कंबर धरली. डॉक्टरांनी वाकायचा व्यायाम सांगितला आणि रत्नप्रभाबाईंनी, नवऱ्याच्या भाषणाला जागून, त्यांच्या हातात पोछा दिला. म्हणजे आपलं फरशी पुसायचं फडकं.

जयपूरच्या धुळीला आमंत्रण लागत नाही, त्यामुळे व्यायामात खंड पडला नाही. कंबर मोकळी झाली, फरशी चमकू लागली, श्रीपादराव सुखावले. सुखावलेला माणूस हद्द ओलांडतो. एका सकाळी ते डोक्याला पंचा गुंडाळून दाराबाहेरचा जिनाही पुसायला बसले. वरून सोसायटीचे सेक्रेटरी अरुणजी उतरत होते. त्यांनी पाठ बघूनच विचारलं, "भैया, हमारे यहाँ भी कर दोगे?"

श्रीपादरावांनी मान वळवली. चुकून दुसऱ्याच्या न्हाणीघराचं दार उघडावं तसे अरुणजी "सॉरी, सॉरी" म्हणत परत वर गेले.

संध्याकाळपर्यंत सोसायटीने तीन निष्कर्ष काढले: साहेबांची नोकरी गेली असावी, घरात बाईंचा वचक असावा, किंवा मराठी माणसं चिक्कू असावीत. तिसऱ्याला बहुमत मिळालं.

"अहो, भिशीत माझ्याशी कोणी धड बोलत नाही," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "पुसा तुम्हीच. पण एक बाई दिसू दे आपल्याकडे."

म्हणून जवळच्या झोटवाडा वस्तीतली कस्तुरी कामाला आली. पगार पूर्ण, काम शून्य. येता-जाता चार लोकांना दिसायचं आणि बाल्कनीत एकदा फडकं झटकायचं.

"और बाकी टाइम?" तिने विचारलं.

"बैठो," श्रीपादराव म्हणाले.

ती सवयीने दाराशी जमिनीवर बसली. ती तिथे बसल्यामुळे पुसणाऱ्याची अडचण होऊ लागली, तेव्हा तिला खुर्ची देण्यात आली. (समता बहुधा अशीच कोणाच्या तरी अडचणीतून येते.) सुरुवातीला खुर्चीच्या कडेवर टेकणारी कस्तुरी हळूहळू पाठ टेकून बसू लागली.

"इतने साल घर-घर के पंखे पोंछे, साहब जी," ती एकदा म्हणाली. "नीचे बैठकर हवा अब खाई है."

श्रीपादरावांना मनापासून बरं वाटलं. तिचा चहा मात्र स्टीलच्या वेगळ्या पेल्यात असे. तो पेला त्या घराने कधी विकत घेतला नव्हता. दर बदलीत काही ना काही फुटलं, हरवलं. पेला मात्र प्रत्येक शहरात खिडकीच्या गजाशी आपोआप हजर होई.

मग एकदा अरुणजी काही कामाने आले. दार उघडंच होतं. साहेब गुडघ्यांवर होते आणि कस्तुरी खुर्चीत. पोछा जवळ आला तसे तिने, चहाचा थेंबही न सांडता, दोन्ही पाय वर उचलून धरले.

तातडीच्या सभेत अरुणजी उभे राहिले. "पोछा आप शौक से लगाइए, श्रीपादजी. लेकिन वो बैठी थी. कल हमारी वाली भी बैठेगी."

सभेने उदार तोडगा काढला. साहेबांच्या पुसण्याला 'पोछायोग' म्हणून मान्यता मिळाली आणि गच्चीवर रोज वर्ग भरू लागला. निम्म्या सोसायटीच्या कंबरा दाखल झाल्या. वर्गाआधी गच्ची कामवाल्यांकडून लख्ख पुसून घेतली जाते, कारण स्वच्छ फरशी पुसणं हा योग आणि घाण फरशी पुसणं हे काम. श्रीपादराव गुरुजी झाले. अट एकच होती, ती खुर्ची काढायची.

श्रीपादरावांना लाज वाटली. लाज वाटत असतानाच त्यांनी खुर्ची उचलून आतल्या खोलीत नेली.

दुसऱ्या दिवशी कस्तुरीने रिकाम्या जागेकडे पाहिलं. "कुर्सी नहीं तो मैं भी नहीं," ती शांतपणे म्हणाली. "और बुलाना हो, तो चाय कप में." आणि जिना उतरून गेली.

बाल्कनीत फडकं झटकलं जाईना. भिशीत पुन्हा चिक्कूपणाचा विषय निघाला. गुरुजींची प्रतिष्ठा आता एका न येणाऱ्या बाईवर अवलंबून होती. शेवटी रत्नप्रभाबाई स्वतः रिक्षाने झोटवाड्याला जाऊन तिला घेऊन आल्या.

कस्तुरी जिंकली. खुर्ची परत आली (दार लावून, खिडकीचा पडदा ओढून) आणि चहा कपात येऊ लागला. घरात सहा कप होते, म्हणून खास सातवा आणला. बाकीच्या सहांहून सुंदर, काठाला गुलाबी फुलं; चुकूनही दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ नये असा. स्टीलचा पेला माळ्यावर गेला आणि श्रीपादरावांना आपल्या घरात क्रांती झाल्यासारखं वाटलं.

वाचकांनी खुशाल हसावं. तुमच्या घरी कामाला येणारीचा कप कोणता, हे सांगायला तुम्हाला काही उठून स्वयंपाकघरात जावं लागणार नाही.