निळी आग, नारिंगी पाणी

जावईबुवांचं एक ठाम मत होतं. जगातले निम्मे ताप कॉम्प्युटरमधल्या जुन्या सिस्टिममुळे होतात आणि उरलेले निम्मे, ती वेळेवर काढून न टाकल्यामुळे! त्यांच्या स्वतःच्या घरी लिनक्स नावाची नवी सिस्टिम होती, ऑफिसातही टेबलापुरतं लिनक्स होतं, आणि आता त्यांची नजर सासूबाईंच्या कॉम्प्युटरवर पडली होती.

सासूबाईंचा धंदा भरतकामाचा. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, शेजारी कॉम्प्युटर, भिंतीवर धाग्यांची रिळं. कॉम्प्युटरवर नक्षी उघडायची, पेनड्राइव्हनं मशीनला द्यायची आणि मशीन थांबेल तिथे धागा बदलायचा. कॉम्प्युटर चालू होईपर्यंत त्यांचा चहा पिऊन व्हायचा, एवढीच काय ती तक्रार.

एके दिवशी सासूबाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या आणि जावईबुवांनी बाह्या सरसावल्या.

"आईला विचारलंस का?" बायकोनं विचारलं.

"विचारायचं काय त्यात? आल्यावर खूश होतील! अगं, लिनक्समध्ये सगळं उघडं असतं. कुणीही उघडावं, आत बघावं, बिघडलं तर आपल्या हातानं दुरुस्त करावं!"

"उद्या सकाळी अग्निशमन दलाच्या टोप्या द्यायच्यात. वर्धापनदिन आहे त्यांचा. या जमल्या तर अख्ख्या दलाचे गणवेश आईकडे येणार आहेत. दोन वर्षं मागे लागली होती ती!"

"मग उलट बरंच! फटाफट होतील."

सासूबाई गाल सुजवून परतल्या तेव्हा लिनक्स चढवलेला कॉम्प्युटर झरकन चालू झाला. त्या खरंच खूश झाल्या. चहा करायलाही वेळ मिळाला नाही म्हणाल्या. जावईबुवांची छाती दोन बोटं फुगली.

"आता माझा भरतकामाचा प्रोग्रॅम उघडा बरं."

तो काही उघडेना. कसा उघडणार? तो जुन्या सिस्टिमसाठीच बनवलेला! पण जावईबुवा डगमगणारे नव्हते. जुन्या सिस्टिमचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा एक दुभाष्या असतो, तो त्यांनी मध्ये घातला. प्रोग्रॅम उघडला, पण बटणांवर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन! एक चौकोन दाबला, प्रोग्रॅमची खिडकी बोराएवढी झाली. दुसरा दाबला, प्रोग्रॅमनं राम म्हटला.

"झालं?" सासूबाई म्हणाल्या.

"छे छे! फुकट मिळणारा एक प्रोग्रॅम आहे. याच्यापेक्षा सरस!"

त्या सरस प्रोग्रॅमला दलाकडून आलेली मूळ फाइल उघडता येईना. पण तीच नक्षी मशीनला चालणाऱ्या दुसऱ्या प्रकारातही ठेवलेली होती. ती मात्र पटकन उघडली! आगीचा बंब, त्यातून सुटलेली पाण्याची धार आणि समोर ज्वाळा. सगळं जिथल्या तिथे. जावईबुवांनी टाळीच वाजवली.

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "आग निळी दिसतेय."

"गॅसची आग निळीच असते, आई."

"आणि पाणी नारिंगी?"

"सूर्यास्त दाखवलाय. पाण्यावर प्रकाश पडतो ना!"

"बंब जांभळा?"

"तो सावलीत उभा आहे."

बायको स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याकडे टक लावून बघत होती. पण सासूबाईंना दलाच्या साहेबांचं बोलणं आठवलं. 'यंदा चिन्हाचे रंग बदललेत ताई, फाइलमध्ये आहेत तसेच घ्या.' म्हणून त्यांनी निळं रीळ चढवलं. आधी चाचणीची एक टोपी झाली, मग एकामागून एक बारा टोप्या. जावईबुवा प्रत्येक टोपी हातात घेऊन बायकोला दाखवत होते. "बघ, एक टाका इकडचा तिकडे नाही!"

टाके खरोखरच अप्रतिम होते.

संध्याकाळी दलाचे साहेब काम कुठवर आलंय ते बघायला आले. भरदार मिशा, हसतमुख माणूस. पहिली टोपी हातात घेतली आणि त्यांचं हसू मिशांतच विरलं. त्यांनी फोनवर मूळ चित्र काढून टोपीशेजारी धरलं. चित्रात बंब लाल, पाणी निळं, ज्वाळा नारिंगी. टोपीवर जांभळ्या बंबातून नारिंगी लोळ सुटलेला आणि समोर निळंशार पाणी खवळलेलं!

"ताई," साहेब हळूच म्हणाले, "आम्ही आग विझवतो हो. लावत नाही!"

जावईबुवा कॉम्प्युटरकडे धावले. फाइल पुन्हा उघडली आणि मघाशी न वाचताच बंद केलेली सूचना त्यांनी आता वाचली. या प्रकारच्या फाइलमध्ये फक्त टाके असतात, रंग नसतात. रंग प्रोग्रॅम आपल्या मनानं भरतो! गणवेश गेले, सासूबाईंची दोन वर्षं गेली, आणि सासरी आपल्याला पुन्हा कुणी खुर्ची देईल असंही त्यांना वाटेना.

"चूक माझी हो साहेब," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "दातानं डोकं ठणकत होतं, रिळं बदलली गेली. सकाळी टोप्या तयार असतील. ते चित्र तेवढं मला पाठवून ठेवा."

साहेब मान डोलावून गेले. जावईबुवांना भरून आलं. "आई, तुम्ही माझ्यासाठी..."

"जावई आहात घरचे. बाहेरच्यासमोर कशाला?" सासूबाईंनी दार लावून घेतलं. मग टाके उसवायचं टोकदार हत्यार त्यांच्या हातात दिलं आणि बारा टोप्यांचा ढीग मांडीवर ठेवला.

"हे काय?"

"तुमचं लिनक्स! तुम्हीच ऊठसूट सांगता ना, कुणीही उघडावं, आत बघावं, आपल्या हातानं दुरुस्त करावं. घ्या, करा सुरुवात. तुम्ही उसवाल तशा मी पुन्हा भरत जाते."

बायको तोंडात पदर कोंबून आत पळाली. जावईबुवांनी पहिली ज्वाळा उसवायला घेतली. टाके इतके पक्के होते की नखभर आग विझवायला पाच मिनिटं लागली.

"आई," ते चाचरत म्हणाले, "ती चाचणीची टोपी... तीही उसवायची का?"

"नको. ती तुम्हाला. घालूनच बसा!"

आणि जावईबुवा मुकाट्यानं टोपी घालून उसवायला बसले.