दळवीकाका आणि गोदामाची यादी

आमचे दळवीकाका बडोद्यातच, अकोटा भागात दात काढायला गेले आणि तिथल्या डॉक्टरला मधमाश्या पाळण्यावरचं मराठी पुस्तक देऊन आले. डॉक्टर गुजराती, मराठी कधी वाचलेलं नाही. काका बधिर तोंडाने म्हणे त्याला बोलले, "अक्षरं तर हिंदीचीच आहेत, वाचा ने!"

इथल्या आमच्या जुन्या लायब्ररीत काका देवघेवीच्या टेबलावर बसतात. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण उठायचं नाव नाही. मध्यंतरी कपाटं पुरेनात, तेव्हा कमिटीने ठरवलं की पाच वर्षांत ज्या पुस्तकावर तारखेचा शिक्का पडला नाही, ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, हरणीच्या गोदामात जाईल. यादी करायला मी, ग्रंथपाल ना! तिथून पुस्तक मागवायचं तर आठवडा जाणार, म्हणजे कोण मागवतंय?

मी दिवसभर खपून यादी करायची आणि काकांनी पिशवीत त्याच यादीतली पुस्तकं भरून संध्याकाळी गावभर फिरायचं. सेवउसळवाल्याला सभासद करून नौकाबांधणी दिली. सोसायटीच्या वॉचमनला जुनं पाकशास्त्र. मी भडकले, ही शुद्ध फसवणूक आहे म्हटलं. काका शांतपणे म्हणाले की नियमात शिक्का लिहिलाय, आवड कुठे लिहिलीय? पुढच्याच आठवड्यात तो वॉचमन पाकशास्त्राचा दुसरा भाग मागायला आला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला काकांचा भारी अभिमान वाटला. असा माणूस दुसऱ्या कुठल्या लायब्ररीत असेल तर दाखवा मला.

टेम्पो यायच्या सकाळी मी खोकी तपासत होते. एकात वरच कवितांचं पातळ पुस्तक होतं. कवी, आमचे दळवीकाका! आतल्या चिठ्ठीवर एकही शिक्का नाही. मी हे यादीत घातलंच नव्हतं. यादी उघडली, तर शेवटच्या ओळीत काकांनीच स्वतःच्या अक्षरात त्याचं नाव लिहिलं होतं.

"काका, हे कुणाला का नाही दिलंत?"

ते टेबल पुसत राहिले. "दुसऱ्याच्या लेकरांसाठी हात पसरता येतो, ताई. स्वतःच्या लेकरासाठी जीभच उचलत नाही."

मी ते पुस्तक आणि माझं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. काकांचा पहिला शिक्का चिठ्ठीबाहेर पडला, दुसरा नीट बसला.

"पंधरा दिवसांत परत करा," ते कारकुनी आवाजात म्हणाले. मग हळूच, "उशीर झाला तरी चालेल."