काल रात्री काय जेवलास?

कुणाचंही डोकं कुठं आपटलं, की भाई राणे समोर हजर. "काल रात्री काय जेवलास?" बस, एवढंच विचारणार. भाई आमच्या लालबागच्या कबड्डी मंडळाचे कोच. एकदा पोस्टमनचं कपाळ चाळीच्या जिन्याला लागलं. भाईंनी त्यालाही धरला.

"उपास होता हो," तो बिचारा म्हणाला.

"मग उपासाला काय खाल्लंस?"

आठवेपर्यंत बसवला बाकड्यावर.

आम्ही पोरं हसायचो. रक्त आलं तर लागलं, नाहीतर काय लागलं? चक्कर आली की तोंडावर पाणी मारायचं नि चढाईला जायचं. आपण तर सातवी नापास, आत सांडायला होतंच काय! पण भाईंसमोर जो अडखळला, तो मॅचभर बाहेर. म्हणून मीच आयडिया काढली. सगळ्यांनी एकच उत्तर पाठ करायचं, बांगड्याचं तिखलं. जन्मात मला पाठ झालेली तेवढी एकच गोष्ट.

सेमीफायनलला पकडीत एकाचा गुडघा माझ्या कानशिलात बसला. उठलो तर मॅटवरच्या रेषा डबल. सहा मिनिटं बाकी, दोन पॉइंट मागे नि चढाईला भरवशाचा मी एकटा. भाई आले.

"काल रात्री काय जेवलास?"

"बांगड्याचं तिखलं, भाई!"

"बस खाली."

"अहो, पटकन सांगितलं की!"

"मेल्या, काल माझ्याकडे जेवलास. काळ्या वाटाण्याचं सांबारं. तीन वाट्या!"

मला एक वाटीसुद्धा आठवेना.

हरलो. मी भाईंना सगळ्यांसमोर नको नको ते बोललो. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हादरा बसलाय, लगेच परत लागलं असतं तर कठीण होतं. तरी माझी अक्कल जागेवर यायला चार दिवस गेले. मग गेलो माफी मागायला.

दार उघडंच होतं. भाई धाकट्या भावाला भरवत होते. नंदूदादा पन्नाशीचा, सगळ्यांकडे बघून नुसता हसतो. आम्हाला वाटायचं, जन्मापासूनच तसा.

"नंद्या, काल रात्री काय जेवलास रे?"

नंदूदादा हसला.

मी दारातच उभा. भाई माझ्याकडे न बघता म्हणाले, "कप्तान मी होतो. हा डोक्यावर पडून उठला. मी विचारलं, खेळतोस ना? म्हणाला, खेळतो. तेवढंच विचारलं मी."



भाईंनी त्याची हनुवटी पुसली, पुढचा घास केला.

"भेंडी होती, नंद्या. काल भेंडी होती."