आवरलेल्या वायरी

घटकाभर पाठ टेकावी, एवढंच तिने ठरवलं होतं. कार्यक्रम संध्याकाळी होता, तालमींनी अंगाचा भुगा झाला होता आणि सरांचं यंत्र बाहेरच्या खोलीत सुखरूप होतं. (त्याच खोलीत बाबाही होते, हे तिच्या डोक्यातून गेलं.)

सर म्हणजे निव्वळ विजेतून संगीत काढणारे गावातले पहिले गृहस्थ. त्यांचं यंत्र कपाटाएवढं. समोर भोकंच भोकं आणि त्यांत खोचलेल्या रंगीबेरंगी वायरी. कुठली वायर कुठे, यावर सूर ठरायचे. सर गेल्यावर काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, यंत्र जोडलेल्या वायरींसकट या लाडक्या शिष्येच्या हवाली केलं. ती जोडणी म्हणजेच सरांची शेवटची रचना! आदरांजलीत तीच वाजवायची, म्हणून तिने सगळा कार्यक्रम मंडळातल्या म्हाताऱ्यांच्या हातून हिसकावून घेतला होता. "तुमचा हात लागला की वाट लागते," असं अध्यक्षांना तोंडावर सुनावून.

ती उठून बाहेर आली, तर यंत्र लखलखत होतं. टीपॉयवर वायरी. रंगवार, गुंडाळून, रबर लावून. बाबांची हयात गोदाम सांभाळण्यात गेली होती.

"बाबा! हे काय केलंत?"

"आवरलं. केवढा गुंता! एवढी शिकलेली मुलगी, आणि..."

"ते गाणं होतं!"

"ते? लोंबत होतं ते?"

"माझे डबेही असेच आवरलेत यांनी," आतून आई म्हणाली. "लग्नापासून शोधतेय."

बाबा जरा वरमले. "फोटो असेल ना मोबाइलमध्ये?"

नव्हता. (रचना कानात असते, मोबाइलमध्ये नाही, असं ती जगाला ऐकवत फिरली होती.)

ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं. तिने आठवेल तशा वायरी खोचल्या आणि टेम्पो बोलावला.

रंगमंचावर यंत्र आधी गप्प बसलं. मग पोटात कळ आल्यासारखं कण्हलं आणि त्यानंतर एकच घूंऽऽऽ सुरू झालं, ते थांबेचना. तिने सगळी बटणं फिरवून पाहिली आणि शेवटी ती दमून यंत्रावर डोकं टेकून उभी राहिली. लोकांना वाटलं, गुरूच्या आठवणीने पोर कोसळली. अध्यक्ष चष्मा काढून डोळे पुसू लागले. टाळ्याच टाळ्या.

तिला मात्र त्या टाळ्या टोचत होत्या. पडद्यामागे तिने काकूंचे पाय धरले. "काकू, सरांची शेवटची रचना आमच्या घरात मोडली हो."

"कुठली गं?"

"यंत्रावर जोडलेली होती ती."

"अगंबाई, ती होय! यांनी वायरी कधीच उपसून जमिनीवर टाकल्या होत्या. फरशी पुसताना पायात यायला लागल्या, म्हणून मीच दिसेल त्या भोकात खोचून दिल्या."

तिच्या हातात कार्यक्रमपत्रिका होती. तिच्यात तिचाच पानभर लेख होता: 'अखेरच्या रचनेतील मृत्यूची चाहूल'.

यंत्र उचलायला सोबत आलेल्या बाबांनी शेजारून नापसंतीने मान हलवली.

"खोचायच्या नाहीत, वहिनी. गुंडाळून रबर लावायचं."