कढीपत्त्यातील अनामिक घटकाबाबत

जगातली प्रत्येक तेलकट गोष्ट कधी ना कधी खवट होते. नागरिकानं एवढंच पाहायचं, की ती नियमानुसार व्हावी.

मैंदर्गीहून सोलापुरात येऊन शेंगाचटणी कुटणाऱ्या जगदेवीची चटणी मात्र दोन-दोन महिने खवट होत नसे. सात वर्षं ती एका सरकारी वसतिगृहाला चटणी देई आणि त्या एका गिऱ्हाइकावर तिचं घर चाले. चौऱ्याहत्तर साली अन्नतपासणीला सिद्धलिंगप्पा साहेब आले (प्रशिक्षण तीन दिवसांचं, पैकी एक दिवस ग्रुप फोटोचा). त्यांनी चटणी हुंगली आणि ही खवट का नाही, याचा लेखी खुलासा मागवला.

जगदेवीनं सांगितलं, सावलीत वाळवलेला कढीपत्ता भाजून घालते, त्यानं तेल टिकतं. साहेबांना हे मान्यच होतं. पाल्यात असं काहीतरी असतं, जे हवेला तेलाच्या वाटेला जाऊ देत नाही, असं शास्त्रही म्हणतं. फक्त त्या 'काहीतरी'चं नाव रकाना क्रमांक नऊमध्ये हवं होतं. जगदेवीनं 'कढीपत्ता' लिहवून घेतलं; साहेबांनी खोडलं. ते पाल्याचं नाव, घटकाचं नव्हे. घटकाचं नाव कळेपर्यंत पाला घालू नये, असा आदेश निघाला.

आदेशावर गोल शिक्का होता. तिनं पाल्याविना चटणी कुटली. नवव्या दिवशी डबा उघडताच वसतिगृहाचा आचारी खोकत अंगणात पळाला. अहवाल आला: शंभर टक्के नमुने खवट, कार्यपद्धती समाधानकारक. (नमुना एकच होता, त्यामुळे टक्केवारी सोपी गेली.)

काम मुंबईच्या डबाबंद चटणीला गेलं. तिच्यातल्या पावडरीचं नाव अठ्ठावीस अक्षरी होतं. रकाना भरून समासात गेलं. साहेब गहिवरले.

जगदेवी रिकामा डबा न्यायला कार्यालयात गेली, तेव्हा साहेबांनी समजूत घातली, की पाल्यावर त्यांचा विश्वास आहेच, घरी मंडळी तोच घालतात. अडचण काय ती नावाची. तिनं डब्याला झाकण लावलं.

"सायेब, आईचं नाव कळायच्या आदी दूद पिलासा की न्हाय?"

साहेबांनी या मुद्द्यावर वरिष्ठांकडे मार्गदर्शन मागवलं. जगदेवी विड्या वळायला लागली. (विडीच्या पानात काय असतं, याचा रकाना अजून छापलेला नाही.)

वरिष्ठांनी तत्परतेनं 'घटकनामशोधक' असं पद मंजूर केलं. जगदेवीचं पुढं काय झालं यापेक्षा त्या घटकाचं नाव काय, हीच चुटपुट ज्या वाचकांना इथवर लागून राहिली असेल, त्यांनी अर्ज करावा. मुलाखत होणार नाही.